वैशाखातली कोकरं

"ओढू नको रं मेल्या, ती मेंढी हाय, बोअरची मोटार न्हाई," माय कुंपणाच्या त्या टोकावरून ओरडत होती. तिचा आवाज असा, की तिकडं देवणीच्या बाजारात बांधलेल्या बैलांनीसुद्धा माना वळवल्या असतील. देवणी आमच्या माळापासून सात किलोमीटर.

मी गुडघे टेकून बसलो होतो. हात कोपरापर्यंत माखलेले. "माय, दोन्ही पाय आल्यात, डोकं अडकलंय."

"मग थांब की. तिला कळ येईल तवा ओढ. तिच्या वाटच्या कळा तू देऊ नको."

मेंढीला कळ आली, मी ओढलं, आणि कोकरू माझ्या मांडीवर येऊन पडलं. काळं, ओलं, कान डोक्याला चिकटलेले. भर वैशाख, दुपारचे बारा. जमिनीवर ठेवलं असतं तर भाकरीसारखं टम्म फुगलं असतं. मी त्याला लिंबाखाली घोंगडीवर ठेवलं. तिथं आधीच दोन होती. सकाळपासून व्यालेली ही तिसरी मेंढी.

अण्णा, म्हणजे माझे वडील, लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून उभे होते. त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळं बसले की उठवायला दोन माणसं लागायची, म्हणून ते बसतच नव्हते. त्यांनी कोकराकडं बघितलं नाही. मेंढीकडं बघितलं. ती उठायला बघत होती आणि मागचे पाय तिचं ऐकत नव्हते.

"मेंढी पडू देऊ नका," अण्णा म्हणाले. "लेकराचं काय ते मग बघू."

हे ते उगीच म्हणत नव्हते. पाडव्यालाच त्यांनी जेवता जेवता सांगून टाकलं होतं, की आता त्यांच्याच्यानं होत नाही. औंदाच्या उन्हाळ्यात मेंढ्या तग धरून मृगाच्या गवताला लागल्या तर कळप माझ्या हवाली. पडायला लागल्या तर व्यापाऱ्याचा टेम्पो बोलवायचा आणि सगळा कळप एकदाच भरून द्यायचा. मी मान डोलावली होती. दुसरं करणार काय? मी लातूरला तीन वर्षं वॉचमनगिरी करून आलेला माणूस. तिथं मला एका बंद गेटाकडं तोंड करून बसवलं होतं. ते गेट इतकं बंद होतं, की तीन वर्षांत मी त्याच्याशी बोलायला लागलो आणि तिसऱ्या वर्षी ते उत्तर द्यायला लागलं, तेव्हा घाबरून गावाकडं आलो. मला मेंढरांशिवाय काही येत नाही. मेंढरंही पुरती येत नाहीत, हे त्या वैशाखात कळलं.

कारण वैशाखात कोकरं पडतच नाहीत, म्हणजे मेंढ्या वीतच नाहीत. आमच्या घरात कुणी कधी बघितलेली नव्हती. आमचा मेंढा रोहिणी नक्षत्रात मोकळा करतात. कोकरं दसरा-दिवाळीला पडतात, तेव्हा गवत असतं, मेंढीच्या कासेला दूध असतं. पुढं फाल्गुनात मेंढ्या कातरायच्या, मग उमरी-मुदखेडच्या अंगाला चालत जायचं. तिकडं पाटाच्या पाण्याचा मुलूख. लोक रानात मेंढ्या बसवून घेतात, खताला. त्यांना लेंड्या मिळतात, आपल्याला ज्वारी मिळते आणि मेंढरांना हिरवं. पण तिकडं जायला चालणारे पाय लागतात. अण्णांचे गेले होते, आणि मी एकटा गेलो तर कळपासकट हैदराबादला निघेन असं अण्णांचं मत होतं. म्हणून त्या वर्षी आम्ही माळावरच राहिलो. आणि माळावर ऊन असं, की सरडे एका वेळी दोनच पाय टेकायचे.

तर वैशाखात कोकरं का पडली? माझ्यामुळं.

आमचा मेंढा. त्याचं वर्णन मी आजवर बऱ्याच ठिकाणी केलंय आणि दर वेळी तो वीतभर वाढलाय, पण खरंच दांडगा होता. रस्त्यात उभा राहिला तर एसटी हॉर्न न वाजवता बाजूनं जायची. अशा मेंढ्याला वर्षभर मेंढ्यांत ठेवायचा, आणि अवेळी काही होऊ द्यायचं नाही, म्हणून आमच्यात त्याच्या पोटाखाली गोणपाटाचं फडकं बांधतात. कमरेवरून दोरी, पाठीवर गाठ. मग तो कितीही उड्या मारो, मध्ये फडकं येतं. ही गाठ अण्णा मारतात. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

मार्गशीर्षात मी हात लावला. मोबाइलवर आमचा मेंढपाळांचा एक ग्रुप आहे. तिथं कुणीतरी कुठल्यातरी जिल्ह्यातल्या मेंढ्याचा फोटो टाकला. मी म्हणालो, हे काय, आमचा मेंढा देवणीच्या गोऱ्ह्याएवढा आहे. लोक म्हणाले, फोटो टाक. मी टाकला. लगेच एकानं लिहिलं, "लंगोट कामून घातलाय भाऊ, कुस्तीला चाललाय का?" त्याच्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली, ती बोटानं सारता सारता माझा अंगठा दुखला.

दुसऱ्या दिवशी अण्णा दवाखान्यात गेले असताना मी फडकं सोडलं. मेंढ्याला उकिरड्यावर चढवलं, स्वतः खाली पालथा पडलो आणि खालून फोटो काढला. त्यात मेंढा ढगांत गेला. मग फडकं परत बांधलं, माझ्या हातानं, सैल. सैल अशासाठी, की लोक रोज नवा फोटो मागत होते. बाजूनं टाका, चालताना टाका, शिंगांवरून टाका. रोज कोण सोडत आणि बांधत बसणार? फडकं सरकून बरगडीवर गेलं होतं. लांबून बघणाऱ्याला बांधलेलंच दिसायचं. मला जवळून दिसत होतं. नऊ दिवस दिसत होतं.

नवव्या दिवशी अण्णांनी मेंढ्याला धरलं, गाठ बघितली, माझ्याकडं बघितलं.

"किती येळ झाला सुटून?"

"आत्ताच की," मी म्हणालो. "तासभर झाला आसंल."

आयुष्यात मी एवढं कमी करून कधीच काही सांगितलं नव्हतं. अण्णांनी गाठ मारली आणि विषय संपला.

आता कुणी म्हणेल, पुढं पाच महिने होते, तेव्हा का नाही बोललास? त्याला कारण आहे. आमच्यात मेंढी गाभण आहे असं तोंडानं म्हणत नाहीत. दृष्ट लागते. कोकरांचा आकडा तर मुळीच उच्चारत नाहीत. मोजायचं झालं तर खडे मांडतात, खड्यांना दृष्ट लागत नाही. अवेळी भरलेल्या मेंढीचं तर नावच काढायचं नाही.

त्यामुळं फाल्गुनात कातरणी झाली तेव्हा जी गंमत झाली, ती आजही आठवली की मला हसू येतं आणि लगेच जातं. उदगीरकडून मायचे दोन भाऊ कातरायला आले होते. मेंढी आडवी पाडायची, पाय बांधायचे आणि पोटाकडून कातर चालवायची. लोकर उतरली की खालची मेंढी उघडी. धाकट्या मामानं एका मेंढीच्या पोटावर हात ठेवला आणि तो हात तिथंच राहिला.

"चारा बरा होता म्हणा औंदा," तो म्हणाला.

"हाव," थोरला मामा म्हणाला. त्याच्यापुढच्या मेंढीचं पोट तर माठासारखं. "पाणी बी चांगलं पिऊन राहिल्या वाटतं."

माय लोकर गोळा करत होती. तिनं बघितलं. "ऊन पडायलंय," म्हणाली आणि पदर डोक्यावर घेतला.

अण्णांनी स्वतः चार मेंढ्या कातरल्या. त्या पोटांवरून त्यांचा हात कसा गेला हे मी बघत होतो. कातर थांबली नाही. चार माणसं, तीन कातरी, साठ मेंढ्या, आणि प्रत्येकाला वाटतंय की बाकीच्यांना माहीत असेल, आणि ज्याला खरंच माहीत होतं तो पायाखालची लोकर उचलतोय. त्याच आठवड्यात अण्णांनी हरभऱ्याचं भुस्कट दरवर्षीसारखं शेजाऱ्याच्या बैलांना देऊन टाकलं. शब्द दिलेला होता. ते का देता असं विचारायचं तर कशासाठी ठेवायचं हे सांगावं लागलं असतं.

आणि वैशाख आला.

तिसऱ्या मेंढीनंतर चौथी संध्याकाळी व्याली. दुसऱ्या दिवशी किती, ते मी अजूनही तोंडानं सांगत नाही. एवढंच सांगतो, की घोंगडी पुरेना, मग दुसरी आणली, तीही पुरेना. आठवड्यात निम्म्या कळपापाठीमागं कोकरं होती. आणि मेंढ्यांच्या अंगावर त्यांच्या स्वतःच्या पुरतंही काही नव्हतं. कोकरू कासेला लागायचं, ढुसण्या द्यायचं, आणि मेंढी उभ्या उभ्या पातळ होत जायची. एक मेंढी कोकराला चाटता चाटता खाली बसली, ती परत उठली नाही.

अण्णांनी त्या दिवशी सगळ्यांना लिंबाखाली बोलावलं. सगळे म्हणजे माय आणि मी.

"चीक पाजून झाला की लेकरं तोडा," ते म्हणाले. "आईपासून लांब बांधा. पित राहिली तर आया जातील. आया गेल्या तर ती बी जातील."

"आन लेकरांनी काय वारा पिऊन राहायचं?" माय म्हणाली.

"न्हाई राहिली तर न्हाई राहिली."

"म्या न्हाई तोडत."

"मग आमुशाला टेम्पो," अण्णा म्हणाले. "आमुशापातूर बघतो. मेंढ्या उभ्या राहिल्या तर राहतील."

अमावास्येला अकरा दिवस होते. मी म्हणालो, "शेळीचं दूध आणतो. बाटलीनं पाजू. मी आणतो, अण्णा. लागंल तेवढं आणतो, लोक नदीत सोडतील एवढं आणतो." अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, की माझी नदी जागेवर आटली.

कोकरं तोडली. ते कसं झालं ते सांगत नाही. दोन कुंपणं, मध्ये वीस पावलं, इकडून आया आणि तिकडून लेकरं. पहिले दोन दिवस त्या आवाजात आम्ही एकमेकांशी खुणांनी बोलत होतो. हे मी वाढवून सांगत नाही.

उदगीरच्या मेडिकलवरून मी लहान मुलांच्या दुधाच्या बाटल्या आणल्या. दुकानदार म्हणाला, "जुळं झालं काय?" मी म्हणालो, "त्याहून थोडं जास्त." आणि मोटारसायकलला दोन कॅन अडकवून गावोगाव फिरायला लागलो. शेळीचं दूध मागणं सोपं नाही. गायीचं दूध डेअरीला जातं, पण शेळीचं घरातच लागतं, कुणाच्या तान्ह्याला, कुणाच्या खोकल्याला, आणि उन्हाळ्यात शेळी देते ते ओंजळभर. म्हणून मी माझ्याकडं होतं ते वापरलं. पहिल्या गावात सांगितलं, की आमची एक मेंढी एका दमात पाच व्याली. दोन तांबे मिळाले. दुसऱ्या गावात ती सात व्याली आणि सातव्याच्या कपाळावर चंद्र होता. तीन तांबे आणि चहा. तिसऱ्या गावात माझ्या आधी गोष्ट पोचली होती. तिथं एक म्हातारा म्हणाला, "ती सातवाली तुमचीच का? मग दर्शनाला ठेवा की, दूध कशाला मागता?"

चौथ्या गावात, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत, एक मावशी होती. अंगणवाडीत मदतनीस होती, निवृत्त झालेली. सहा शेळ्या, आणि गल्लीत तिचा शब्द चालायचा.

"जयभीम मावशी."

"जयभीम. तूच का तो चंद्रवाला?"

मी हसलो. ती हसली नाही. सुपात हरभरे निवडत होती. "खरी किती हायत सांग. तेवढ्याचा मेळ लावता येतो का बघते."

"लई हायत."

"लई म्हंजे किती? अंगणवाडीत मी लई म्हणून खिचडी शिजवत न्हवते."

"आमच्यात आकडा बोलत न्हाईत, मावशी."

तिनं सूप माझ्यापुढं सरकवलं. "मग मांड."

मी सुपातले हरभरे उचलून उंबऱ्यावर एकेक मांडत गेलो. सवयीनं दोन जास्त मांडले, मग तिच्याकडं बघून उचलले. पहिल्या दोन दिवसांत गेलेल्यांचे मांडले नाहीत. तरीही ती रांग उंबऱ्याच्या या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत गेली. मावशी त्या रांगेवरून बोट फिरवत मोजत गेली.

"एवढ्याला माझ्या शेळ्या काय पुरणार," ती म्हणाली. मग दारात उभी राहून तिनं गल्लीत चार घरांना हाका मारल्या. "रोज सकाळी सातला ये. प्रत्येक घरचा पेला पेला. आन गोष्टी सांगत बसू नको, दूध घे आन पळ. पाऊस लागल्यावर माझ्या रानात दोन गाड्या लेंड्या टाक."

मग सहा दिवस आमचं बरं चाललं. बरं म्हणजे कोकरं मरत नव्हती. मी सातला दूध घ्यायचो, कॅनभोवती ओली घोंगडी गुंडाळायचो आणि नऊच्या आत माळावर. माय मांडीवर एकेकाला घ्यायची, तोंडात बोट घालून बाटली लावायची, आणि प्रत्येकाला वेगळी शिवी द्यायची, म्हणजे कोण प्यालं आणि कोण राहिलं हे ध्यानात राहतं. "ये रं भिकाऱ्या. तू मघाशीच पिलास चोरा, हो तिकडं." इकडं मेंढ्यांना आम्ही बाभळीच्या शेंगा, लिंबाचा पाला, कुणाच्या छपरावरचा जुना कडबा, जे मिळेल ते घालत होतो. अण्णा रोज संध्याकाळी मेंढ्यांत फिरायचे आणि प्रत्येकीच्या पाठीचा कणा अंगठ्यानं दाबून बघायचे. मांस असलं तर अंगठा रुततो. अण्णांचा अंगठा हाडांवरून टकटक पुढं जायचा.

सातव्या दिवशी मी देवणीच्या फाट्यावर चहाला थांबलो.

पाच मिनिटं थांबणार होतो. टपरीवर चार ओळखीचे बसले होते. एक म्हणाला, "काय रं, त्या चंद्रवाल्याचं काय झालं?" आणि मी सुरू झालो. चंद्राचं सांगितलं. मग मावशीची गल्ली सांगितली, त्यात गल्लीचं गाव झालं आणि शेळ्यांची रांग लातूरपर्यंत गेली. लोक हसत होते. गेल्या कित्येक दिवसांत माझ्यापुढं कुणी हसलं नव्हतं. गाडी उन्हात होती. घोंगडी वाळली. मला वाटलं पंधरा मिनिटं झाली. उठलो तेव्हा सावली टपरीच्या आत गेली होती.

माळावर आलो तर माय भांडी घेऊन उभी. कोकरं कुंपणाला तोंडं लावून. "इतका येळ?"

"पंक्चर झालं," मी म्हणालो.

तिनं झाकण काढलं, वास घेतला. दूध फाटायला लागलं होतं, पुरतं फाटलं नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मी गाडीच्या चाकाकडं बघितलं, जसं काही चाकानंच केलंय. दुसरं दूध नव्हतं. कोकरं ओरडत होती. "गाळून पाजते," ती म्हणाली. "उपाशी ठिवण्यापरीस बरं."

संध्याकाळपर्यंत त्यांना हगवण लागली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मायनं शिव्या द्यायचं थांबवलं, कारण शिवीनं ओळखावीत एवढी ती उरलीच नाहीत. मी बाभळीच्या पलीकडं खड्डा खणला. माळ खडकाळ, पहार हातभर गेली की ठण् वाजायची. खड्डा पुरला नाही. दुसरा खणला. उरली ती एका घोंगडीवर मावत होती, आणि घोंगडीला जागा उरत होती.

माय खड्ड्यापाशी आली नाही. तिनं बाटल्या धुतल्या, उन्हात उपड्या घातल्या, आणि त्यांच्यापुढं बसून राहिली.

अमावास्येला टेम्पो आला. सकाळचा. व्यापारी चांगला माणूस होता, त्यानं पान खाल्लं नाही, हसला नाही, पायरी लावून उभा राहिला. मी अण्णांना म्हणालो, "अजून आठ दिवस थांबा. रोहिण्या लागल्यात. एखादी सर आली तरी कोंब फुटतो."

"कोंब यायला पंधरा दिस. ह्यांच्यात न्हाईत पंधरा दिस."

"सगळ्या न्हाईत तशा. काही उभ्या हायत."

अण्णांनी कुंपणाकडं काठी केली. मग म्हणाले, "उभ्या हायत त्या राहू दे. मी एकदा हाळी देतो. आपल्या पायानं उठून येतील त्या आपल्या. बसून राहतील त्या त्याच्या."

व्यापाऱ्यानं मान हलवली. अण्णा काठी टेकत कुंपणाच्या दारात गेले. मेंढ्या सावलीला बसलेल्या होत्या, सगळ्या. अण्णांची हाळी मी लहानपणापासून ऐकतोय, ती ओढ्याच्या पलीकडून ऐकू यायची. त्या दिवशी त्यांनी ती बेताची दिली. एकदाच.

पुढच्या मेंढ्या उठल्या. मागं हालचाल झाली, एक उठली, अडखळली, आणि आली. मी आत शिरलो होतो, जसं काही दारातला काटा काढायला. एक म्हातारी मेंढी पुढचे पाय टेकून अर्धी उभी होती आणि मागं कमी पडत होतं. मी तिच्या शेपटीखाली गुडघा लावला आणि उचललं. ती आली. दुसरीला तसंच केलं. पलीकडं बघतो तर माय, पदर खोचून, एका मेंढीच्या पोटाखाली दोन्ही हात घालून तिला जवळजवळ कडेवर घेऊन चाललेली, आणि वर अण्णांना म्हणतेय, "बघा, कशी चालायली."

अण्णांनी बघितलं. माझ्याकडं पण बघितलं. व्यापारी टेम्पोच्या चाकाकडं बघत राहिला.

पण माझा गुडघा किती मेंढ्यांना पुरणार? तिसरीला उचललं, सोडल्याबरोबर ती जशी होती तशी बसली. चौथी उठलीच नाही. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि रवंथ करत राहिली, तोंडात काही नसताना. टेम्पोत आम्ही त्यांना उचलून ठेवलं, मी आणि व्यापारी, एकेक. एवढ्या हलक्या, की मला वाटलं मी नुसती लोकर उचलतोय. लोकरही नव्हती, ती फाल्गुनातच कातरली होती. मेंढाही अण्णांनी देऊन टाकला. तो आपल्या पायानं पायरी चढला, फडक्यासकट.

टेम्पो गेल्यावर धूळ बसायला वेळ लागला. निम्म्याहून कमी कळप कुंपणात उभा होता. अण्णा लिंबाखाली उभे होते, काठीवर दोन्ही हात. मी पाच महिने तयार केलेलं भाषण माझ्याकडं होतं. त्याचे तीन प्रकार होते. एकात फडकं उंदरानं कुरतडलं होतं, एकात ग्रुपवरच्या लोकांनी मला फसवलं होतं, आणि तिसऱ्यात मी रडत होतो. मी अण्णांसमोर जाऊन उभा राहिलो आणि त्यातलं एकही आलं नाही.

"अण्णा," मी म्हणालो, "मेंढा तासभर न्हवता सुटला. नऊ दिवस सुटला होता. मला ठावं होतं. फोटोसाठी मीच सैल बांधलं होतं. आन त्या दिवशी पंक्चर बी झालं न्हवतं, मी फाट्यावर बोलत बसलो होतो."

मायचे हात बाटल्यांवर थांबले. अण्णांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. कुंपणाकडं बघितलं.

"ज्या उरल्यात," ते म्हणाले, "त्यांना पाणी दाखव."